एमजीबीच्या आयडी प्लेटा: दोन विक्रेते, एक म्युझियम आणि आमचा अनुभव

१९६६ची एमजीबी रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्स गाडी) रिस्टोर करायला घेतली तेव्हा मला आणि माझ्या धाकट्या भावाला वाटलेलं की सगळ्यात जास्त डोकं खाणार तो सिल्सचा, म्हणजे दारांखालच्या पत्र्याचा गंज. गंजाने वेळ घेतला, पैसे घेतले, पण गंजाचं एक बरं असतं, दिसतो तिथे कापायचा आणि नवीन पत्रा वेल्ड करायचा, विषय संपला. खरं अडकलो ते तळहाताएवढ्या दोन-तीन पत्र्याच्या तुकड्यांवर. आधीच्या मालकाने कधीतरी गाडी लाल रंगवून घेतली होती आणि त्या वेळी रंगाऱ्याने चेसिस नंबरची प्लेट उचकटून काढताना फाडली, अर्धीच परत लावली, बॉडी नंबरची प्लेट तर गायबच, आणि इंजिन भलत्याच वर्षाचं. इंग्लंडमध्ये जुनी गाडी करताना या प्लेटा बरोबर असणं किती महत्त्वाचं आहे हे तेव्हा कळलं, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय, कारण शोधत होते तेव्हा मला एका जागी नीट काहीच मिळालं नाही.

आधी कुठली प्लेट काय सांगते ते बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. एमजीबीचा चेसिस नंबर, ज्याला एमजीवाले कार नंबर म्हणतात, तो जीएचएन३ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीच्या गटातलं इंजिन (आपलं १७९८ सीसी), एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी, आणि ३ ही सिरीज. जीटी कूपे असेल तर एनच्या जागी डी येतो, जीएचडी३. पहिली आवृत्ती मार्क वन, १९६७च्या शेवटी दुसरी, मार्क टू, आली तिथून ४ लागतो, त्याच्या पुढे ५. डावीकडे स्टिअरिंग असेल तर पुढे एल. आकडे १०१ पासून सुरू झाले. बॉडी नंबर ही वेगळीच मालिका, तिचा चेसिस नंबराशी काही मेळ नाही, कारण अॅबिंग्डनच्या कारखान्यात बॉडी बनतच नव्हती, ती रंगवून बाहेरून यायची आणि इथे फक्त गाडी जोडली जायची. आणि तिसरी इंजिनची प्लेट, ब्लॉकच्या उजव्या बाजूला, तिच्यावर १८जीबी वगैरे. हे तीन नंबर एकमेकांसारखे असायला हवेत असं समजून घाबरणारे लोक मी बघितलेत, तसं नसतं, तिन्ही वेगळेच असतात.

आता पहिला विक्रेता. नाव देत नाही. वेबसाईट छान, फोटो छान, 'एमजीबी चेसिस प्लेट, सर्व मॉडेल' असं लिहिलेलं. हे 'सर्व मॉडेल' वाचूनच थांबायला हवं होतं. प्लेट आठवड्यात आली, किंमत वीस पाउंडाच्या आत, पॅकिंग चांगलं. उघडून बघितली तर वर ब्रिटिश लेलँडचं नाव! आमची गाडी १९६६ची, आणि ब्रिटिश लेलँड ही कंपनीच मुळात १९६८ साली जन्माला आली. त्याआधी एमजी होती बीएमसीत (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ला एकत्र आले त्या कंपनीत. म्हणजे प्लेटेवरचं नाव गाडीपेक्षा दोन वर्षांनी लहान. कोणी म्हणेल काय फरक पडतो, बॉनेटखाली कोण बघतंय, पण जो माणूस उद्या ही गाडी विकत घ्यायला येईल तो पहिलं बॉनेटच उघडणार आणि पहिली ती प्लेटच वाचणार, आणि एकदा त्याला तिथे खोट दिसली की मग बाकीच्या चार वर्षांच्या कामावर पण तो विश्वास ठेवणार नाही.

शिवाय त्या प्लेटेची भोकंसुद्धा आमच्या विंगवरच्या (चाकावरच्या पत्र्यावरच्या) जुन्या भोकांना जुळत नव्हती, साधारण सहा मिलिमीटरचा फरक. आणि अक्षरं छापलेली होती, नखाने घासली तर काळं निघत होतं. मी फोटो काढून मेल केली, की ही नंतरच्या गाड्यांची आहे, मार्क वनची द्या. उत्तर आलं, सगळे ग्राहक हीच लावतात. पैसे परत द्यायला तयार झाले, पोस्टेज मात्र आमच्याच खिशातून. पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. ऑर्डर करताना त्यांनी विचारलं होतं 'नंबर कोरून हवाय का?' आणि मी जो नंबर टाइप केला असता तो त्यांनी कोरून दिला असता. गाडीचं लॉगबुक (नोंदणीचा कागद) मागितलं नाही, फोटो मागितला नाही, काही नाही. चोरीच्या गाडीला मेलेल्या गाडीची ओळख चिकटवणं, ज्याला इथे रिंगिंग म्हणतात, ते याच वाटेने होतं. पाचपैकी एक तारा, तोही पैसे परत दिले म्हणून.

मग एमजी कार क्लबच्या एका अनुभवी सभासदाने सांगितलं की आधी गेडनला अर्ज करा, प्लेट नंतर. वॉरिकशरमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडे कारखान्यांची मूळ उत्पादन रजिस्टरं आहेत, एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ, मॉरिस, रोव्हर अशा बऱ्याच ब्रँडची, आणि ते नंबरावरून हेरिटेज सर्टिफिकेट देतात. (जॅग्वारवाल्यांनी इथे येऊ नका, तुमचं खातं वेगळं, जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट.) आम्ही फाटक्या प्लेटेचा फोटो आणि लॉगबुकातला नंबर दिला आणि काही आठवड्यांत कागद घरी आला.

या कागदाबद्दल मी कितीही बोलू शकते. गाडी कुठल्या तारखेला बनली, कुठल्या तारखेला कारखान्यातून निघाली, कुठल्या डीलरकडे गेली, मूळ इंजिन नंबर, मूळ बॉडी नंबर, रंग, सीटचा रंग, आणि जास्तीचं काय काय लावलेलं होतं ते. त्या काळी एमजीबीत हीटरसुद्धा जास्तीचे पैसे देऊन घ्यायचा प्रकार होता, इंग्लंडच्या हवेत! आमच्या गाडीला हीटर, वायर व्हील्स आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरावं म्हणून गिअरबॉक्सला जोडलेली सोय) तिन्ही लावलेलं होतं. आणि रंग लाल नव्हताच, मिनरल ब्लू होता, बीएमसीचा कोड बीयू९. एमजीबीच्या मार्क वन प्लेटेवर रंगाचा कोड नसतो, त्यामुळे हा कागद आला नसता तर आम्ही ती परत लालच केली असती.

कागद वाचल्यावर भाऊ लगेच गॅरेजमध्ये गेला, टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या मागे वाकला आणि तिथूनच ओरडला, ताई निळा आहे! लाल रंगाखाली, वायरिंगच्या क्लिपांच्या मागे, जिथे रंगाऱ्याचा स्प्रे पोचला नव्हता तिथे मिनरल ब्लू जसाच्या तसा. मग मी डॅशबोर्डवरचं एक बुजवलेलं भोक बघितलं, ज्याचा अर्थ आम्हाला दोन वर्षं लागला नव्हता. ओव्हरड्राइव्हचा स्विच तिथे असायचा. आणि सर्टिफिकेटवर इंजिन नंबराचं सुरुवातीचं जे आहे, १८जीबी-आरयू-एच, त्यातला आर म्हणजेच ओव्हरड्राइव्ह. साधा गिअरबॉक्स असता तर नुसतं यू असतं. शेवटचा एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन, ८.८ला १. लो असेल तर एल, ८ला १. एका ओळीत इतकं सगळं लिहून ठेवलेलं.

हे सगळं मी प्लेटेच्या रिव्ह्यूत का सांगतेय, तर याच्यावरच पुढचा निर्णय उभा होता. म्युझियमचा कागद फक्त एवढंच सांगतो की या नंबराची गाडी अशी अशी बनली होती. तुमच्या गॅरेजमध्ये उभी आहे ती तीच गाडी, असं तो सांगत नाही, सांगूच शकत नाही. ते तुम्हाला पत्र्यावरून शोधावं लागतं. आमच्या बाबतीत निळा रंग, स्विचचं भोक आणि फाटक्या प्लेटेवरचे शेवटचे तीन आकडे, तिन्ही गोष्टी कागदाशी जुळल्या, म्हणून बॉडी नंबरची नवीन प्लेट बनवून लावायला मन धजावलं. समजा शेल, म्हणजे गाडीचा अख्खा पत्र्याचा सांगाडा, बदललेलं असतं, म्हणजे ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून एमजीबीची नवीन शेल्स बनवली त्यातलं एखादं असतं (उत्तम असतात, त्यात कमीपणा काही नाही), तर त्याच्यावर जुना बॉडी नंबर ठोकणं मला पटलं नसतं, कारण तो नंबर ज्या पत्र्याचा होता तो पत्राच तिथे उरलेला नाही.

याच कारणाने ऑटोजंबलमधली, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारातली जुनी प्लेट घेऊ नका असं कळकळीने सांगते. ब्यूलीला सप्टेंबरमध्ये मोठा ऑटोजंबल भरतो, तिथे अशा ओरिजिनल प्लेटा टेबलावर बघितल्यात मी, इतक्या सुंदर जुनाट की हात शिवशिवतात. पण ती दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची ओळख आहे. घासून आपला नंबर टाकला तरी उजेडात तिरकी धरली की जुने ठोके दिसतात, आणि नाही दिसले तर ते जास्तच वाईट.

आता दुसरा प्लेटवाला, ज्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू आहे. छोटं वर्कशॉप, दोन माणसं, नाव त्यांनीच छापू नका म्हटलंय कारण आधीच कामाची रांग आहे, पण क्लबमध्ये विचारलं तर कोणीही सांगेल. त्यांच्याकडे फोन केला तेव्हा पहिले तीन प्रश्न असे होते: गाडी कुठल्या महिन्यात बनली, जुन्या प्लेटेचा काही तुकडा आहे का, आणि लॉगबुक तुमच्या नावावर आहे का. व्ही५सीची (म्हणजे लॉगबुकाचीच) कॉपी आणि हेरिटेज सर्टिफिकेटची कॉपी आल्याशिवाय ते हात लावत नाहीत. मला हे इतकं आवडलं की किंमत विचारायच्या आधीच मी हो म्हटलं. पहिल्याच्या दुप्पटीहून जास्त पैसे गेले, आणि पाच आठवडे लागले.

आम्ही फाटका तुकडा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. त्यांनी त्याच्यावरून धातूची जाडी मोजली, अक्षरांची उंची मोजली, भोकांमधलं अंतर मोजलं, आणि त्यांच्याकडच्या त्याच काळातल्या दुसऱ्या नमुन्याशी ताडून बघितलं. प्लेट छापलेली नाही, अॅसिडने एच केलेली, म्हणजे अक्षरांभोवतीचा धातू खाऊन त्यात काळा रंग भरलेला, नखाने तर सोडाच, थिनरच्या फडक्यानेही हलकं पुसलं तरी काही झालं नाही. नाव बरोबर, एमजी कार कंपनी, अॅबिंग्डन. मी जुना तुकडा शेजारी ठेवून भिंगातून बघितलं, एका स्वल्पविरामाची जागासुद्धा जुळत होती. आणि तुकडा त्यांनी न घासता, न पॉलिश करता, जसा गेला तसा परत पाठवला, हे मुद्दाम सांगायला हवं.

नंबर ठोकून हवा की प्लेट कोरी हवी, असं त्यांनी विचारलं. लेझरने कोरून ते देतच नाहीत, कारण कारखान्यात नंबर हाताने पंच मारून टाकलेले असत, एक आकडा जरा वर, एक जरा खोल, आणि लेझरचे आकडे एका रांगेत परेडला उभे असल्यासारखे दिसतात, लांबूनच कळतं. आम्ही कोऱ्या घेतल्या आणि पंच त्यांच्याकडूनच भाड्याने. पंचाच्या आकड्यांचा घाट पण जुन्या तुकड्याशी जुळवून दिला, ३चं डोकं गोल की सपाट, ४ वरून उघडा की बंद, इतक्या बारकाईने.

ठोकण्याबद्दल थोडं, कारण इथे प्लेट वाया जाते. अॅल्युमिनियम मऊ असतं, पंच मारला की धातू बाजूला सरकतो आणि प्लेट कडेने वर उचलली जाते. खाली लाकूड ठेवलं तर हमखास वाकते, खाली जाड स्टीलचा सपाट ठोकळाच हवा. आम्ही आधी भंगार पत्र्यावर तोच नंबर वीस-पंचवीस वेळा ठोकला, भावाने हातोडी धरली, मी पंच. रेषेसाठी मास्किंग टेपची पट्टी चिकटवायची आणि पंचाचा पाय तिला टेकवायचा. ठोका एकच, मोजका. दुसरा मारला की आकड्याला सावली येते आणि मग ते कोणीतरी खाडाखोड केल्यासारखं दिसतं, आयडी प्लेटेवर नेमकं तेच नको असतं. खऱ्या प्लेटेवर ठोकायला बसलो तेव्हा गॅरेजमध्ये अर्धा तास कोणी बोललं नाही. जीएचएन३ मधला एन किंचित उजवीकडे झुकलाय. जुन्या तुकड्यावरचाही झुकलेला आहे, त्यामुळे मला तो फार आवडतो.

बसवताना विंगवरची जुनी भोकं बुजवू नका, तीच तुमची मोजपट्टी. रंग करायच्या आधी भोकांवर टेप लावून खूण केली होती म्हणून रंगानंतर प्लेट अचूक बसली. मूळ प्लेट शाबूत असेल तर ब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग काढायला) देण्याआधी ती उतरवा, नुसती झाकून ठेवली आणि कडेने वाळू शिरली तर दहा सेकंदांत अक्षरं जातात. आणि थोडीफार जरी वाचता येत असली तरी मूळचीच लावा, असं माझं ठाम मत आहे. साठ वर्षांची कळकट प्लेट नव्या कोऱ्या प्लेटेपेक्षा कधीही मोठी. आमची अर्धीच होती आणि एका बाजूची भोकंच उरली नव्हती म्हणून नवीन लावली.

इंजिनचं सांगायचं राहिलं. आमच्या गाडीत आलेलं इंजिन १८व्ही, म्हणजे १९७१ नंतरच्या गाड्यांचं, कधीतरी बदललेलं. मूळ होतं १८जीबी, १९६४च्या शेवटी आलेलं पाच मेन बेअरिंगवालं. सर्टिफिकेटवर मूळ इंजिन नंबर पूर्ण छापलेला आहे, आणि प्लेटवाल्याकडे १८जीबीच्या प्लेटा तयार होत्या, इंजिनाच्या ब्लॉकवर लागतात ते हातोडीने ठोकायचे छोटे पिळाचे स्क्रूपण. भाऊ म्हणाला, ताई, लावून टाकू, मॅचिंग नंबर गाडी होईल, म्हणजे सगळे नंबर मूळचे. दोन दिवस आमचा या एका गोष्टीवर वाद झाला. मी प्लेटवाल्यांना फोन केला तर त्यांनी सरळ सांगितलं, १८व्हीच्या ब्लॉकवर लावायला १८जीबीची प्लेट आम्ही विकणार नाही, मूळ ब्लॉक सापडला आणि त्याची प्लेट पडलेली असेल तर फोटो घेऊन या. एक विक्री हातची गेली त्यांची. तेव्हा भावाचं पण मत फिरलं. १८व्ही स्वतःच्या प्लेटेसकट बसलंय, उत्तम चालतंय, आणि लॉगबुकात इंजिन नंबर पण तोच आहे.

लॉगबुकाची एक गंमत नव्हे, डोकेदुखी. आमच्या व्ही५सीवर चेसिस नंबराचे नुसते आकडे होते, पुढचं जीएचएन३ कोणीतरी कधीतरी गाळलेलं. जुन्या गाड्यांत हे खूप दिसतं. प्लेट ठोकायच्या आधी आम्ही स्वान्सीला डीव्हीएलएकडे (गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी खातं) लॉगबुक, प्लेटेच्या तुकड्याचा फोटो आणि सर्टिफिकेटची कॉपी पाठवून ते दुरुस्त करून घेतलं. क्रम हाच ठेवा. आधी कागद सरळ करा, मग धातूला हात लावा, उलटं केलं तर नवीन चकचकीत प्लेट आणि न जुळणारा कागद बघून कोणालाही शंका येईल. आणि बरेच जण आयडी प्लेट आणि नंबर प्लेट यात गोंधळ करतात म्हणून सांगते, बाहेरची काळ्यावर चंदेरी नंबर प्लेट हा वेगळा विषय, १ जानेवारी १९८०च्या आधी बनलेली आणि हिस्टॉरिक टॅक्स गटातली गाडी असेल तर ती लावता येते. आमच्या निळ्यावर फार शोभते.

ट्रायम्फवाल्यांसाठी दोन ओळी, कारण आमच्या मित्राची ट्रायम्फ टीआर६ आहे आणि त्याने पण याच वर्कशॉपकडून प्लेट केली. ट्रायम्फच्या नंबराला कमिशन नंबर म्हणतात आणि त्यांच्या त्या काळच्या प्लेटेवर रंग आणि ट्रिमचा (आतल्या सजावटीचा) कोड पण असतो, म्हणजे १९ लिहिलं असेल तर पांढरी, ३२ म्हणजे सिग्नल रेड, ३४ म्हणजे जॅस्मिन पिवळी. त्यामुळे तिथे चूक करायला जागा जास्त. आणि टीआर५ घेत असाल तर प्लेट डोळ्यात तेल घालून बघा. फ्युएल इंजेक्शनवाली टीआर५ सीपीने सुरू होते आणि फक्त २,९४७ बनल्या, तर तशीच दिसणारी कार्ब्युरेटरवाली अमेरिकन टीआर२५० सीडीने सुरू होते. किमतीत फरक मोठा असल्याने सीडीची सीपी करायचा मोह लोकांना होतो.

तर गुण द्यायचे तर गेडनच्या हेरिटेज सर्टिफिकेटला पाचपैकी पाच, गाडी घेण्याच्या आधी मागवता आलं तर अजून चांगलं. वर्कशॉपला साडेचार, अर्धा कापला कारण पाच आठवड्यांत एकदाही त्यांनी स्वतःहून फोन केला नाही, दर वेळी मलाच करावा लागला, आणि बॉडी नंबरच्या छोट्या प्लेटेची एक कड जरा धारदार राहिली होती, ती मी बारीक कानसने घासली. बाकी काम असं की क्लबच्या मीटिंगला एका जाणकाराने बॉनेट उघडून प्लेटेवर बोट फिरवलं आणि विचारलं, ही मूळची का? मी नाही म्हटलं आणि फाईलमधून फाटका तुकडा काढून त्याच्या हातात ठेवला. तो बराच वेळ दोन्ही शेजारी धरून झुकलेला एन बघत होता.